समुद्राचे सेक्टर

नोकरीची शेवटची नऊ वर्षं मी समुद्राचं काम करत होतो, असं म्हटलं की चंडीगडमधला माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग सुखना तलावाच्या दिशेनं. त्याचा दोष नाही. इथून समुद्र गाठायचा तर आधी हरयाणा आणि राजस्थान अख्खं ओलांडावं लागतं. माझा जन्म वर्ध्याचा, त्यामुळे मोठं पाणी म्हणून मला लहानपणी धाम नदी दाखवली होती, तीसुद्धा पावसाळ्यात. अशा माणसाला समुद्रातल्या कासवांचे प्राण वाचवण्याच्या कामावर नेमायचं, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांचं मला आजही कौतुक वाटतं.

सुचली ती आमच्या मालकांना. ग्रेवालसाहेबांचा इंडस्ट्रियल एरियात छोटा कारखाना होता आणि मी तिथं इंजिनिअर होतो. आम्ही ट्यूबवेलमध्ये सोडायचे प्रोब बनवायचो. प्रोब म्हणजे मनगटाएवढी जाड स्टीलची नळी. ती पाण्यात सोडली की आपण किती खोल आहोत आणि पाणी किती गार आहे, एवढं ती इमानदारीनं सांगते. पंजाबातलं पाणी दरवर्षी खाली जायचं आणि त्याच हिशेबानं आमचा धंदा वर यायचा. असं सगळं छान चाललेलं असताना कोकण किनाऱ्यावर काम करणाऱ्या एका संस्थेनं विचारलं, की ही नळी मासेमारीच्या जाळ्याला बांधता येईल का. ग्रेवालसाहेबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "पाणी तां पाणी हुंदा है जी. खारा होवे, मिट्ठा होवे." एवढ्या सखोल चिंतनानंतर आम्ही समुद्रशास्त्रात उतरलो.

काम काय होतं ते सांगतो, कारण माझ्या बायकोला ते अजून कळलेलं नाही आणि ती हा अंक वाचणार आहे. समुद्रात जाळं पडद्यासारखं सोडतात. पडद्याला मासा कळतो, कासव कळत नाही. कासव हवेत श्वास घेणारा प्राणी आहे. जाळ्यात अडकलं आणि वर येता आलं नाही की ते पाण्यात राहून पाण्यातच बुडून मरतं. मच्छीमाराला ते नको असतं, जाळं फाटतं, हंगामाचा खोळंबा होतो, आणि खरं सांगायचं तर त्याला वाईटही वाटतं. आता कासवं समुद्रात कुठंही हिंडत नाहीत. गरम आणि गार पाणी जिथं भेटतं त्या कडेला खाणं गोळा होतं, म्हणून तीही तिथं गोळा होतात. ती कडा रोज सरकते. आमच्या नळ्या बोटींच्या जाळ्यांबरोबर पाण्यात जायच्या आणि तापमान घेऊन यायच्या, उपग्रहाकडून वरच्या पाण्याची माहिती यायची, दोन्ही जुळवून कॉम्प्युटर सांगायचा की आज कासवं बहुधा इथं आहेत. मग बोटीवरच्या फोनवर संदेश जायचा: आज अमुक चौकोनात जाळं टाकू नका. झालं. याला जगात मोठमोठी नावं आहेत. आम्ही त्याला 'कासववाला काम' म्हणायचो.

नळी खाऱ्या पाण्यात टिकते का हे बघायला कारखान्यात पिंपभर समुद्र तयार करावा लागला. मी सेक्टर बत्तीसच्या आमच्या किराणावाल्याकडे गेलो आणि पोतं भरून मीठ मागितलं. त्यानं चष्म्यावरून बघितलं. "अचार पाणा है जी?" मी म्हटलं, लोणचं नाही घालायचं, समुद्र बनवायचा आहे. त्यानं मीठ बांधून दिलं, आणि पुढचे सहा महिने माझ्या बायकोला प्रत्येक वेळी हळू आवाजात विचारत राहिला की साहेबांची तब्येत आता कशी आहे. पिंपातल्या परीक्षेत नळी उत्तम पास झाली. मग खोल पाण्यासाठी सुखना तलावावर गेलो. तिथल्या शिपायानं दोरीला बांधलेली स्टीलची नळी बघून आम्हांला दीड तास बसवून ठेवलं. समुद्रशास्त्राच्या सेवेत एवढा त्याग चंडीगडात दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

आता नकाशा. संस्थेनं किनाऱ्यासमोरच्या समुद्राचा कागद पाठवला. नुसतं निळं. त्यावर चौकोन पाडायचे आणि त्यांना आकडे द्यायचे, म्हणजे संदेश छोटा होतो. हे काम मी कुणाला दिलं नाही. आमचं शहरच आकडे घातलेल्या चौकोनी सेक्टरांचं. चंडीगडात तीस वर्षं राहिलेल्या माणसाला रिकामी जागा दिसली की त्याला तिचे सेक्टर पाडायचे असतात. मी पट्टी घेतली, किनाऱ्याला लागून एक रांग, तिच्या मागे दुसरी, मग तिसरी, सुबक, समान, आणि प्रत्येक चौकोनात शाईनं आकडा घातला. ग्रेवालसाहेबांनी तो भिंतीवर लावून लांबून बघितला आणि म्हणाले, "वाह. बिल्कुल अपना शहर." आम्ही बोटींसाठी त्याच्या प्लॅस्टिक चढवलेल्या प्रती केल्या. कॉम्प्युटरचा भाग मोहालीत आयटीत असलेली सांगलीची ऋतुजा बघायची. तिला मी म्हटलं, किनाऱ्यापासून रांगेनं मोज. तिनं मोजलं. काकांचा शब्द तिनं प्रमाण मानला, हे तिचं संस्कारी वागणं आम्हांला फार महाग पडलं.

पहिल्या हंगामाआधी मी नळ्या घेऊन बंदरावर गेलो. मालवणच्या बाजूचं छोटं बंदर. तिथं आमच्यासाठी एकच बोट तयार झाली होती, जनार्दन तांडेलांची. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी माझा नकाशा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला.

"समुद्रात ह्ये चौकोन कोणी मारल्यानी?"

"मी."

"तुमी समुद्र बघलात काय कधी?"

"बघितला ना. सकाळपासून बघतोय."

ते हसले नाहीत. नकाशा त्यांनी सुकाणूच्या बाजूला टांगला आणि म्हणाले, "बरां. आकडो सांगा. थय जाळां पडाचां नाय." मला तेव्हा कळलं नव्हतं की हा माणूस बोलला म्हणजे शब्द दिला. आमच्या ऑफिसात 'पक्का जी' म्हणणारे इतके भेटतात की खरा पक्का माणूस ओळखण्याची सवय मोडते.

गावात चाळीसेक बोटी होत्या आणि बाकीचे सगळे कडेला उभे राहून गंमत बघत होते. गंमत तेवढीच नव्हती. कासवं मरत राहिली तर समोरचा समुद्राचा सगळा पट्टा कासवांच्या हंगामात बंद करावा, अशी मागणी जोर धरत होती. पट्टा बंद म्हणजे ते महिने गाव बंद. बोटी आपणहून कासवं टाळू शकतात हे कुणीतरी दाखवून द्यायला हवं होतं. तांडेलांनी गावाला सांगितलं की मी दाखवतो. गावानं त्यांच्या भरवशावर दोन हंगामांची मुदत मागून घेतली.

पहिला हंगाम झकास गेला. बोट किनाऱ्याजवळ राहिली. संदेश जायचे: चार टाळा, नऊ टाळा, अकरा टाळा. तांडेल टाळायचे. हंगामभर त्यांच्या जाळ्यात एकच कासव आलं, तेही जिवंत, आणि सोडलं. आमचा सत्कार झाला. मला शाल मिळाली. चंडीगडच्या मंडळात मी 'महासागर आणि मी' या विषयावर भाषण दिलं, ज्यात महासागराला फारसा वाव मिळाला नाही.

दुसऱ्या हंगामात मासळी लांब गेली आणि बोटीही तिच्या मागे दुसऱ्या रांगेत गेल्या. फेब्रुवारीत एका सकाळी संदेश गेला: सतरा टाळा. दुपारी संस्थेचा फोन आला. तांडेलांच्या जाळ्यात सात कासवं आली होती. सातही मेलेली.

मी कॉम्प्युटरवर बोटीचा माग काढला. बोट बरोबर सतराच्या मधोमध उभी होती. जिथं जाऊ नका म्हटलं, नेमकी तिथं. मी तांडेलांना फोन लावला आणि जमेल तेवढ्या थंड आवाजात विचारलं.

"साहेबानू, मी सतरात जावक नाय. मी अठरात होतंय."

"जीपीएस खोटं बोलत नाही, जनार्दनराव."

ते म्हणाले, "मगे मी खोटा बोलतंय?"

मी उत्तर दिलं नाही. मला तेव्हा ते फार सभ्यपणाचं वाटलं. सभ्यपणाच्या भरात मी चोवीस पानांचा अहवाल लिहिला, आलेख जोडले, आणि शेवटी लिहिलं की यंत्रणा अचूक होती, बोटचालकानं सूचनेचं पालन केलं नाही. 'तांडेल' लिहिलं नाही, 'बोटचालक' लिहिलं. नाव काढून घेतलं की माणसावर ठपका ठेवणं सोपं जातं. ग्रेवालसाहेबांनी सही केली. अहवाल गेला, आणि दिवाळीनंतर पट्टा बंद करायचा की नाही हे ज्यांना ठरवायचं होतं त्यांच्या टेबलावर जाऊन पडला. गावात काय झालं ते मला संस्थेच्या माणसाकडून कळलं. लोक तांडेलांना म्हणाले, तू शब्द दिलास आणि तूच लोभानं आत गेलास, आता आमची जाळीही तूच गुंडाळ. ते घरी बसले. मी ऐकलं, वाईट वाटलं, आणि चहा प्यायलो.

मग गणपती आले. आमच्या मंडळात दरवर्षी बदलीवर आलेली लष्करातली, हवाई दलातली दोनचार नवी मराठी कुटुंबं येतात. त्या वर्षी कोल्हापूरच्या अश्विनी पाटील आल्या होत्या, नवरा हवाई दलात. आरतीनंतर जेवणाच्या पंगतीत त्या माझ्या शेजारी होत्या.

"काका, एक विचारू? आम्ही इथं घर बघत होतो ना, तर नकाशात बारा सेक्टर दिसला, मग एकदम चौदा. तेरा कुठंय?"

हा प्रश्न मला अत्यंत आवडतो. चंडीगडमधला प्रत्येक जुना मराठी माणूस नव्याला हे समजावून सांगण्यासाठीच जगतो. मी पानातली भजी बाजूला सारली आणि सुरू झालो. शहर आखणाऱ्या परदेशी साहेबांना म्हणे तेरा हा आकडा अशुभ वाटायचा, म्हणून त्यांनी तो ठेवलाच नाही. आता शेजारच्या मनीमाजरा गावाला तो आकडा दिलाय, पण आमच्यासारख्यांच्या डोक्यात तो बसलेला नाही. "आम्हांला इतकी सवय झालीय," मी हसत म्हटलं, "की हातात पेन घेतलं तरी बारानंतर चौदाच..."

वाक्य तिथंच राहिलं. अश्विनीताईंनी विचारलं, काका, ठसका लागला का? मी म्हटलं, हो.

जेवण तसंच टाकून मी बाहेर आलो आणि ऋतुजाला फोन केला. विचारलं, आपल्या समुद्राच्या नकाशात तुझ्या प्रोग्रॅममध्ये बारानंतर काय येतं?

"काका, बारानंतर तेराच येतं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

स्कूटरनं थेट कारखान्यात गेलो. भिंतीवर माझा नकाशा होता. माझं सुबक अक्षर. पहिली रांग एक ते बारा. दुसरी रांग सुरू होते तिथं चौदा. मी तेरा घातलाच नव्हता. कॉम्प्युटरचा सतरा म्हणजे माझ्या कागदावरचा अठरा. तांडेलांना सतरा टाळा म्हटलं, त्यांनी कागदावरचा सतरा टाळला, शेजारच्या अठरात गेले, आणि अठरात कासवं होती. ते पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते. अठरात होतंय. एवढं एक वाक्य तपासायला नकाशापर्यंत चार पावलं चालायला लागली असती. मी त्याऐवजी चोवीस पानं लिहिली. दोन वर्षं तो कागद भिंतीवर होता, आणि ऑफिसातल्या एकाही माणसाला त्यात काही चुकलंय असं दिसलं नव्हतं, कारण आम्ही सगळेच या शहरातले.

मी तिथल्या स्टुलावर बसलो आणि मला रडू आलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रेवालसाहेबांना सगळं सांगितलं. ते भिंतीपाशी गेले, बोट ठेवून बारा, चौदा, पंधरा वाचलं आणि डोक्याला हात लावून बसले. मग व्यवहार जागा झाला, की संपलेला विषय कशाला उकरायचा. "देख यार. रिपोर्ट चली गई. गल मुक गई. उस बंदे ने शिकायत तो नहीं की ना?" मी म्हटलं, शिकायत केली होती, मीच ऐकली नाही. अहवाल मागे घ्यायला हवा. ते म्हणाले, मग आपल्याला पुन्हा कोण काम देणार. मी म्हटलं, ट्यूबवेल आहेतच. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मी सुधारित अहवाल पुढ्यात ठेवला. दीड पानाचा. चूक नकाशा काढणाऱ्याची, म्हणजे माझी, तांडेल जनार्दन यांनी सूचनेचं पूर्ण पालन केलं होतं. साहेबांनी सही केली, पण पेन असं दाबून की कागदाला भोक पडलं.

मग तांडेलांना फोन. मी सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "माका सांगान काय उपयोग? हयसर येवा. गावासमोर सांगा."

रजा काढून गेलो. लिलावाच्या शेडमध्ये गाव जमलं होतं. मी वाटेत भाषण तयार केलं होतं, त्यात 'मानवी चूक' असे शब्द होते. समोर तेवढी माणसं बघितल्यावर ते विसरलो आणि नुसता नकाशा वर धरला. म्हटलं, मी यात तेरा घालायला विसरलो. आमच्या शहरात तेरा नंबरचा सेक्टर नव्हता, त्याची सवय. तांडेल खरं बोलत होते, मी त्यांना खोटं ठरवलं.

मागच्या बाजूनं एक मासळीवाल्या बाई म्हणाल्या, "मगे तुमच्या गावात पोरांका तेरावां वरीस लागत नाय काय?" आणि सगळी शेड हसायला लागली. मी शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. हसण्याची केली नव्हती. आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक लोकांना विनोद वाटते, हे शिव्यांपेक्षा वाईट असतं, आणि मला ते मिळायलाच हवं होतं. तांडेल मात्र हसले नाहीत. हसणं ओसरल्यावर दोघंतिघं जुने लोक उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. कुणी माफी वगैरे मागितली नाही. एकानं तंबाखूची डबी पुढं केली, तांडेलांनी चिमूट घेतली, एवढंच.

पुढचं थोडक्यात सांगतो. सुधारित अहवालामुळे पट्टा बंद करण्याचं टळलं आणि गावाला आणखी एक हंगाम मिळाला. त्या हंगामात तांडेलांसोबत आणखी नऊ बोटींनी नकाशा घेतला. जाळ्यात कासवं अगदी आलीच नाहीत असं नाही. समुद्राला माझे चौकोन अजून मान्य नाहीत. पण पट्टा आजही उघडा आहे. पहिला अहवाल मात्र कुठल्याशा फायलीत तसाच आहे, सुधारित त्याच्या पाठीमागे पिन करून. फाइल उघडणारा पहिलं पान वाचतो, पिन काढून मागचं वाचत नाही, हे चाळीस वर्षांच्या नोकरीत मला पक्कं कळलंय. म्हणून हे इथं लिहितो आहे.

सभेनंतर मी तांडेलांबरोबर बोटीवर गेलो. नवा नकाशा नेला होता, बारानंतर तेरा असलेला, आकडा जरा ठळकच काढलेला. त्यांनी सुकाणूच्या बाजूचा जुना काढून माझ्या हातात दिला आणि नवा बांधायला लागले. मला वाटलं आता बोलायला हवं. म्हटलं, जनार्दनराव, ती सात कासवं माझ्यामुळे गेली. तुमचा काही दोष नव्हता.

ते दोरीची गाठ मारत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आकडो तुमचो चुकलो, साहेबानू. पण जाळां माझां होतां."

मला बरं वाटावं म्हणून ते तसं बोलले नव्हते. गाठ ओढून बघितली, घट्ट बसली होती, आणि ते डिझेल बघायला खाली गेले. मी हातात जुना नकाशा धरून उभा राहिलो. चूक कुणाची हे ठरवायला मी चोवीस पानं घेतली होती, आणि त्यांत असं वाक्य एकही नव्हतं.